सैनिकांची मेषपालीय सेवा : पलटणीतील पाद्री आणि गावचा धर्मग्राम

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शाहूवाडी तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत मलकापूर वसले आहे. पन्हाळा, पावनखिंड आणि विशाळगड यांच्या या मुलखाला सैनिकी परंपरेची ओळख करून द्यावी लागत नाही. जिल्ह्यातील एका गावाचे नावच सैनिक टाकळी आहे, तर कोल्हापूर शहरात मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ वी प्रादेशिक सेनेची पलटण आहे. ५ जुलै २००५ रोजी स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात कोल्हापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे येतात. अशा प्रदेशातील ख्रिस्तसभेपुढे एक प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहतो : घरापासून शेकडो कोस दूर असलेल्या कॅथलिक जवानाची आध्यात्मिक काळजी कोणी वाहावी? या प्रश्नाचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

नावाचा उगम

सैन्यातील धर्मगुरूला 'चॅप्लेन' म्हणतात. या शब्दाचे मूळ एका सैनिकाच्या झग्यात आहे. रोमन सैन्यात असताना संत मार्टिन यांनी थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून दिला, अशी परंपरा सांगते. फ्रँक राजे तो झगा पवित्र अवशेष म्हणून जपत. लॅटिन भाषेत झग्याला 'काप्पा' म्हणतात. त्याची राखण करणारे धर्मगुरू 'काप्पेलानी' म्हणवले जाऊ लागले आणि त्यावरून 'चॅप्लेन' हा शब्द रूढ झाला. सैन्याबरोबर धर्मगुरूंनी जावे, मात्र शस्त्र धरू नये, असा दंडक ७४२ च्या सुमारास जर्मन भूमीवरील धर्मसभेने घालून दिला. पुढे १९८४ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी कापिस्त्रानोचे संत जॉन यांना लष्करी चॅप्लेन मंडळींचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

ख्रिस्तसभेची शिकवण व व्यवस्था

शुभवर्तमानात सैनिक अनेकदा भेटतात. कफर्णहूमच्या शताधिपतीच्या श्रद्धेचे प्रभू येशूने कौतुक केले आणि त्याचेच नम्र उद्गार आपण प्रत्येक मिस्साबलिदानात ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्यापूर्वी उच्चारतो. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली युद्धाच्या अमानुषतेचा निषेध केला. त्याच दस्तऐवजात, आपले कर्तव्य नीट बजावणारा सैनिक लोकांच्या सुरक्षिततेचा व स्वातंत्र्याचा सेवक असतो आणि शांततेला हातभार लावतो, असेही सांगितले. चॅप्लेनचे काम या दोन विधानांच्या मधल्या वाटेवर चालते. तो युद्धाला आशीर्वाद देण्यासाठी नसतो. युद्धात सापडलेल्या माणसाची सदसद्विवेकबुद्धी जागी ठेवण्यासाठी असतो.

२१ एप्रिल १९८६ च्या प्रेषितीय संविधानाने पोप दुसरे जॉन पॉल यांनी लष्करी धर्मप्रांतांची रचना निश्चित केली. आज अमेरिका, ब्रिटन, फिलिपाइन्स यांसह तीसहून अधिक देशांत असे धर्मप्रांत आहेत. तेथे सैनिकांसाठी स्वतंत्र बिशप असतात. भारतात लष्करी धर्मप्रांत नाही. त्यामुळे आपल्याकडे जवानाची जबाबदारी स्थानिक बिशप व धर्मग्राम यांच्यावरच येते. ही गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी.

भारतीय सेनेतील पाद्री

भारतीय भूसेनेत 'धर्मशिक्षक' हे पद आहे. पंडित, ग्रंथी, मौलवी, बौद्ध भिक्षू आणि पाद्री यांची नेमणूक नायब सुभेदार या हुद्द्यावर होते. पाद्री म्हणून निवड होण्यासाठी उमेदवाराला योग्य धर्माधिकाऱ्यांकडून दीक्षा मिळालेली असावी आणि त्याचे नाव स्थानिक बिशपांच्या मान्य यादीत असावे, अशी अट आहे. धर्मशिक्षकांचे प्रशिक्षण पुणे येथील राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होते. प्रार्थनाविधी चालवणे, अंत्यविधीला उपस्थित राहणे, रुग्णालयातील जवानांना भेटणे, शिक्षा भोगणाऱ्यांची विचारपूस करणे आणि सैनिकांच्या मुलांना धर्मशिक्षण देणे ही त्यांची कर्तव्ये होत.

परंतु प्रत्येक पलटणीत पाद्री नसतो. बहुतेक ठिकाणी सर्व धर्म स्थळावर एकत्र प्रार्थना होते. तेथे आपल्या श्रद्धेचे पालन आणि सहकाऱ्यांशी एकजूट यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न काही जवानांना पडतो. याच प्रश्नावरून एका ख्रिस्ती अधिकाऱ्याला सेवेतून काढण्यात आले. ती कारवाई २०२५ च्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ग्राह्य धरली आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. असे पेच आदेश हाती पडण्यापूर्वीच आपल्या धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलून घ्यावेत, असे आम्हांला वाटते.

रणांगणावर

१९४९ च्या जिनिव्हा करारांनी चॅप्लेनला संरक्षण दिले आहे. तो शत्रूच्या हाती सापडला तर त्याला युद्धकैदी मानता येत नाही. कैद्यांच्या आध्यात्मिक सेवेसाठी गरज असेल तेवढाच काळ त्याला ठेवता येते. तरीही व्यवहारात हे संरक्षण नेहमी मिळतेच असे नाही. कोरियन युद्धात फादर एमिल कापाऊन हे जखमींना सोडून जाण्यास नकार देऊन मागे राहिले आणि पकडले गेले. २३ मे १९५१ रोजी बंदिवासातच त्यांचे निधन झाले. २०२५ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'वंदनीय' घोषित केले.

संस्कारांविषयी एक गैरसमज येथे दूर करणे इष्ट ठरेल. लढाईला निघालेल्या धडधाकट सैनिकाला रुग्णाभ्यंग संस्कार दिला जात नाही. तो आजारी, जखमी अथवा वार्धक्याने क्षीण झालेल्यांसाठी आहे. सैनिकासाठी प्रायश्चित्त संस्कार आणि ख्रिस्तप्रसादाची शिदोरी असते. मृत्यूचा धोका असेल तेव्हा कोणताही धर्मगुरू पापमुक्ती देऊ शकतो, असे धर्मसंहितेचे ९७६ वे कलम सांगते.

वळिवड्याची आठवण

सैनिकाची सेवा त्याच्या कुटुंबापर्यंत पोचली पाहिजे, याचे उदाहरण कोल्हापूरच्याच भूमीवर आहे. १९४३ ते १९४८ या काळात शहराजवळील वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेली ही बहुतांशी स्त्रिया आणि मुले होती. अनेकांचे वडील, पती व भाऊ पोलिश सैन्यात लढत होते. मे १९४४ मध्ये पोलिश तुकड्यांनी इटलीतील माँते कासिनो जिंकले, तेव्हा छावणीतील कित्येक घरे पत्राची वाट पाहत होती. छावणीत शाळा होत्या, तसेच चर्चही होते. रणांगणावरच्या माणसासाठी प्रार्थना आणि मागे राहिलेल्यांसाठी आधार, ही दोन्ही कामे तेथे एकाच वेदीभोवती झाली.

धर्मग्रामाने काय करावे?

मलकापूरसारख्या डोंगरी भागातील कॅथलिक कुटुंबाला हाच आधार हवा असतो. त्यासाठी आम्ही पुढील गोष्टी सुचवतो. भरतीला निघालेल्या तरुणाला प्रायश्चित्त संस्काराची संधी व आशीर्वाद द्यावा. त्याच्याजवळ स्नानसंस्काराचा दाखला असू द्यावा. बदलीच्या ठिकाणच्या जवळच्या धर्मग्रामाचा पत्ता त्याला कळवावा आणि तेथील धर्मगुरूंना पत्र लिहावे. विवाह ठरल्यास कागदपत्रे, विवाहपूर्व शिबिर व विवाहाच्या जाहीर सूचना यांची तयारी वेळेत सुरू करावी, कारण जवानाची रजा मोजकी असते. रविवारच्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत त्याचे नाव घ्यावे. तो रजेवर आला की सत्काराबरोबर त्याचे ऐकूनही घ्यावे. पाहिलेले मरण पुष्कळदा घरात सांगता येत नाही. वीरपत्नी आणि वीरमाता यांच्या घरी पहिल्या महिन्यानंतरही जात राहावे.

भारतात सैनिकांसाठी वेगळा बिशप नाही. म्हणून ज्या धर्मग्रामातून जवान निघतो आणि ज्या धर्मग्रामाजवळ त्याची छावणी पडते, ते दोन्ही धर्मग्रामच त्याचे चॅप्लेन आहेत. सीमेवरील सर्व जवानांना आणि त्यांची वाट पाहणाऱ्या घरांना शांतीचा राजा प्रभू येशू आपल्या छत्राखाली ठेवो, हीच प्रार्थना.