गाडीत कोण बसलंय

मंडळी, आमच्या शहराचं नाव 2023 साली छत्रपती संभाजीनगर झालं. माझ्या पिढीच्या जिभेवर मात्र अजून औरंगाबादच येतं. नाव कुठलंही घ्या, बाहेरगावचा पाहुणा आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘एका दिवसात काय काय पाहून होईल?’ उत्तरही ठरलेलं : दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ. तीसेक किलोमीटरची वाट आहे. सकाळी निघायचं, दिवेलागणीला परत. मंगळवार तेवढा टाळायचा, त्या दिवशी वेरूळची लेणी बंद असतात.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून माझे एक मित्र, वहिनी आणि त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी असे तिघं आले. त्यांनी गाडी आणि गाईड दोन्ही ठरवलं होतं. मला म्हणाले, तुम्हीही चला. ही वाट मी लहानपणापासून शंभर वेळा तुडवली असेल. पण गाईडचं बोट धरून कधी गेलो नव्हतो. म्हटलं, चला, आपलंच गाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकू.

गाईड तिशीतला, तरतरीत आणि बोलका होता. मला तो ‘सर’ म्हणत होता, नाव त्यानं विचारलं नव्हतं. दौलताबादला पोचल्यावर त्याची टकळी सुरू झाली. यादवांची देवगिरी, 1296 साली चालून आलेला अल्लाउद्दीन खिलजी, 1327 साली दिल्लीहून राजधानी हलवणारा ‘वेडा’ महंमद तुघलक. किल्ल्यातल्या 1318 च्या जामा मशिदीत आम्ही उभे राहिलो. 1948 च्या पोलीस कारवाईनंतर तिथे भारतमातेची मूर्ती बसवली गेली. मशिदीचे खांब देवळांचे आहेत हे उघड दिसतं, गाईडनंही ते सांगितलं. पुढे आवाज चढवून म्हणाला, ‘हे लोक इथे फक्त तोडायला आले.’

मी गप्प राहिलो. खांबांबद्दल तो खरंच बोलत होता. पण त्याच किल्ल्यावर जनार्दनस्वामी किल्लेदार होते, पैठणच्या एकनाथांनी त्यांच्यापाशी राहून ज्ञान मिळवलं, आणि जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले हे सूफी परंपरेतले, यातलं तो काहीच बोलला नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद हेही चांद बोधल्यांचेच शिष्य. ‘योगसंग्राम’ लिहिणारे हे महाराज म्हणजे माझ्यासारख्या मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाचे थोर पूर्वज. वाटेत चिनी महाल लागला. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला 1687 नंतर औरंगजेबानं इथे कैदेत ठेवलं होतं. मुसलमान बादशहानं मुसलमान सुलतानाला कोंडलं, ही गोष्ट गाईडच्या सकाळच्या कहाणीत बसत नव्हती, म्हणून ती गळली.

खाली येऊन पेरू घेतले, चहा झाला. चहा पिताना मित्रानं मला नावानं हाक मारली. गाईडचा कप ओठांपाशीच थांबला. तिथून पुढे मला वेगळाच गाईड भेटला.

घाट चढताना कागजीपुरा लागतो. तिथला हातकागद अजून प्रसिद्ध आहे, तुघलकाबरोबर आलेल्या कारागिरांनी ही कला आणली असं गावकरी सांगतात. सकाळचा ‘वेडा’ तुघलक इथे ‘दूरदृष्टीचा सुलतान’ झाला. खुलताबादला शेख जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे. गाईड हळुवार आवाजात टोप्या शिवून पोट भरणाऱ्या फकीर बादशहाची गोष्ट सांगू लागला, आणि प्रत्येक वाक्य संपलं की माझ्याकडे बघू लागला.

मित्राच्या मुलीला राहवलं नाही. ‘दादा, सकाळी तर तुम्ही वेगळंच सांगत होतात!’

तो ओशाळला, मग हसला. ‘ताई, गाडीत कोण बसलंय ते बघून बोलावं लागतं. पोट आहे.’

खरं सांगतो, मला त्याचा राग आला नाही. मुशायऱ्यात एक कविता आणि साहित्य संमेलनात दुसरी, अशी निवड मीही केलेली आहे. समोर कोण बसलंय ते मीही पाहिलेलं आहे. पण वाईट वाटलं. सकाळी तो माझ्याविषयी बोलत होता, हे त्याला ठाऊक नव्हतं. दुपारी ठाऊक झालं, तर तो माझी समजूत घालू लागला. दोन्ही वेळा त्यानं मला अर्धाच इतिहास दिला.

मी त्याला म्हटलं, ‘बाबा, माझ्याकडे बघून खांब लपवू नकोस. 1689 साली संभाजी महाराजांची क्रूर हत्या करवणारा आणि 1707 साली या साध्या मातीखाली निजलेला माणूस एकच आहे. दोन्ही सांग. माझा त्यात अपमान होत नाही.’ 2025 च्या मार्चमध्ये याच कबरीवरून वाद पेटला आणि तिकडे दूर नागपुरात दंगल झाली. अर्धवट सांगितलेल्या गोष्टी कुठवर जाऊन पोचतात, ते तेव्हा दिसलं.

मग म्हटलं, चल, आता मी तुझा गाईड होतो. आधी मलिक अंबरची कबर दाखवली. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा वजीर झाला. 1610 साली त्यानं खडकी वसवली, तेच आजचं आमचं शहर. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. आयुष्यभर मोगलांशी झुंजून 1626 साली तो गेला, आणि मोगल बादशहाही पुढे याच गावच्या मातीत आला.

त्यानंतर गावाबाहेर अमीर हसन सिजझींच्या कबरीकडे गेलो. तिकडे पर्यटकांची गाडी सहसा वळत नाही. हसन हे फारसीचे मोठे कवी, दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. राजधानी हलली तेव्हा ते इकडे आले आणि इथलेच झाले. 1308 ते 1322 या काळात गुरूंच्या बैठकीत जे ऐकलं ते त्यांनी लिहून ठेवलं. तो ग्रंथ म्हणजे ‘फवायद-उल-फुआद’. त्यातली एक हकिगत मला फार आवडते. हसननी आपली वही गुरूंना दाखवली. काही ठिकाणी जागा कोरी होती. गुरूंनी विचारलं, ‘हे असं का?’ हसन म्हणाले, ‘तिथले शब्द मला नीट आठवले नाहीत.’ गुरूंनी ते सांगितले, तेव्हा कुठे जागा भरली गेली. हसन कवी होते, हातात कल्पना होती, भाषा होती. मनचं घालून ती जागा भरणं त्यांना जड नव्हतं. तरी त्यांनी ती कोरी ठेवली.

गाईड ऐकत होता. ‘सर, आम्हाला कोरी जागा परवडत नाही. पाहुणे म्हणतात, याला काही येत नाही.’

त्याचंही खरं होतं. आपल्याला गोड वाटेल ते ऐकायचे आपण पैसे मोजतो, तर तो तेच देणार.

उन्हं कलताना वेरूळला पोचलो. बौद्धांची बारा, हिंदूंची सतरा आणि जैनांची पाच अशी चौतीस लेणी इथे एकाच डोंगराच्या अंगावर नांदतात. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, आठव्या शतकातलं कैलास लेणं कळसाकडून पायाकडे कोरत आणलेलं आहे. मुलीनं मान वर करून विचारलं, ‘दादा, कोरणाऱ्यांची नावं काय होती?’

गाईडनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कळसाकडे. म्हणाला, ‘ताई, ते मला माहीत नाही.’

दिवसभरातलं त्याचं ते वाक्य मला सगळ्यात आवडलं.

मंडळी, तुम्हीही कधी अशी सहल ठरवाल. गाडीचं भाडं, जेवणाची सोय सगळं आधी बोलून घ्याल. गाईडशीही एक बोली करा. म्हणा, दादा, गाडीत कोण बसलंय ते बघू नका, जे घडलं ते सांगा. आणि मग ते ऐकताना आपल्या कपाळावर आठी पडू देऊ नका.