सल्ल्याचे मोल

लघवीला आग होणे, पुन्हा पुन्हा जावेसे वाटणे, रात्रीची झोप मोडणे. आपल्याकडे 'उन्हाळी लागली' म्हणून पुष्कळदा अंगावर काढले जाणारे हे दुखणे जंतुसंसर्गाचे असेल, तर त्यावर वेळीच औषध लागते. इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून 'फार्मसी फर्स्ट' योजनेखाली १६ ते ६४ वर्षांच्या स्त्रीला साध्या मूत्रसंसर्गावर थेट औषधाच्या दुकानात उपचार मिळतात. फार्मासिस्ट लक्षणे विचारतो आणि गरज असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन हे प्रतिजैविक तीन दिवसांसाठी देतो, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. कोणाला ही क्रांती वाटली, तर कोणाला डॉक्टरांच्या अधिकारावरचे अतिक्रमण. पण ही सीमा पूर्वीही अनेकदा हललेली आहे, आणि त्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते: औषध कोणाच्या हातून मिळते यापेक्षा देणाऱ्याला पैसे कशाचे मिळतात, यावर रुग्णाचे हित अधिक अवलंबून असते.

लंडनचे अपॉथेकरी, म्हणजे औषधे तयार करून विकणारे, १६१७ मध्ये किराणा व्यापाऱ्यांच्या संघातून वेगळे झाले. सल्ला देण्याचा हक्क मात्र कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या वैद्यांनी आपल्याकडे राखला होता. विल्यम रोझ या अपॉथेकरीने एका खाटकावर उपचार केले, तेव्हा कॉलेजने त्याच्यावर खटला भरला. खालच्या न्यायालयात कॉलेज जिंकले, पण १७०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निकाल फिरवला. महागडा वैद्य न परवडणाऱ्या गरिबाने आणि रात्री-अपरात्री आजारी पडणाऱ्याने जायचे कुठे, हा रोझच्या बाजूचा युक्तिवाद होता. अपॉथेकरींना उपचाराचा मार्ग मोकळा झाला, पण त्यात एक खोट राहिली. त्यांना पैसे औषधाचेच घेता येत, सल्ल्याचे नाही. त्यामुळे जितक्या बाटल्या आणि पुड्या अधिक, तितकी कमाई अधिक. ही खोट निघायला शतकाहून अधिक काळ गेला. १८१५ च्या कायद्याने परीक्षा आणि परवाना सक्तीचा झाला, आणि १८३० च्या सुमारास न्यायालयांनी सल्ल्याचे शुल्कही मान्य केले. हेच अपॉथेकरी पुढे जनरल प्रॅक्टिशनर झाले. म्हणजे आज ज्या डॉक्टरांच्या हद्दीची काळजी केली जाते, त्यांचे पूर्वज दुकानदारच होते. त्यांनी सोडलेला काउंटर केमिस्टांनी घेतला. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने सल्ला डॉक्टरकडे आणि औषध केमिस्टकडे अशी वाटणी पक्की केली, तर १९४७ च्या पेनिसिलिन कायद्याने प्रतिजैविकांना चिठ्ठीचे कुलूप लावले.

ते कुलूप सैल करू नये, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा वजनदार आहे. प्रतिजैविके सढळ हाताने वाटली, तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात. शिवाय औषध विकणाराच निदान करू लागला, तर विक्रीचा मोह सुटणार कसा? यातला पहिला धोका खरा आहे आणि त्यावर सतत लक्ष ठेवावेच लागेल. पण योजनेची मांडणी त्याच धोक्याला धरून झाली आहे. जळजळ, रात्री नव्याने उठावे लागणे आणि गढूळ लघवी ही लक्षणे तपासली जातात; गर्भवती, वारंवार संसर्ग होणाऱ्या किंवा ताप येऊन कुशीत दुखणाऱ्या स्त्रीला डॉक्टरकडे पाठवले जाते. साध्या संसर्गात डॉक्टरही पुष्कळदा लक्षणांवरूनच औषध देतात, त्यामुळे फार्मासिस्टची कसोटी ढिली ठरत नाही. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर पैशांच्या हिशेबात आहे. सुरुवातीला प्रत्येक सल्लामसलतीसाठी १५ पौंड ठरले. निकषांत बसणाऱ्या रुग्णाला तपासून औषध न देता पाठवले, तरी दुकानाला शुल्क मिळते. रोझच्या निकालाने ठेवलेली खोट इथे नेमकी उलटवली आहे.

पण म्हणून ही योजना जशीच्या तशी आपल्याकडे आणा, असे म्हणणे घाईचे होईल. आपल्याकडे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांची शेड्यूल एच ही यादी आहे, २०१४ पासून लागू झालेली अधिक कडक शेड्यूल एच-वन आहे, तरीही चिठ्ठीविना प्रतिजैविके हातात पडतात, आणि मेडिकलवाल्याची कमाई मुख्यतः विकलेल्या गोळ्यांवरच चालते. नुसता धाक वाढवून हे थांबणार नाही. 'तुम्हाला ही गोळी नको, डॉक्टरकडे जा' असे सांगणाऱ्या फार्मासिस्टचे पोट त्या सांगण्यावर भरेल, अशी सोय आधी करावी लागेल. मगच त्याच्या हाती अधिकार सोपवणे सुरक्षित ठरेल.