बांधावरून मासा किती उंच उडी मारतो?

रामटेक : मृगाचा जोरदार पाऊस झाला, नाले वाहू लागले की मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात. सांडव्याखाली त्यांची गर्दी होते आणि पिल्लं पाण्यातून टणाटण उड्या मारताना दिसतात. पण बहुतेकांची उडी कमी पडते.

उडीचा हिशेब : उडी पोहण्याच्या वेगावर अवलंबून असते. लहान मासा एका सेकंदात साधारण आपल्या लांबीच्या दहापट अंतर झपाट्याने कापतो. म्हणजे १० सेंटिमीटरच्या बोटुकलीचा वेग सेकंदाला १ मीटर आणि उडी फक्त ५ सेंटिमीटर. २० सेंटिमीटरच्या माशाची उडी २० सेंटिमीटरपर्यंत जाते. लांबी दुप्पट झाली तर उडी चौपट होते. त्यामुळे मोठ्या माशाला जी पायरी सहज जमते, ती पिल्लांसाठी भिंतच ठरते.

डोह पाहिजे : उडीआधी वेग घ्यायला खाली खोल पाणी लागते. पाणी जेवढ्या उंचीवरून पडते त्याच्या निदान सव्वापट खोल डोह असावा, असा ढोबळ नियम आहे. सांडव्याखाली सपाट काँक्रीट आणि वितभर पाणी असेल तर मासा उडीच घेऊ शकत नाही. मरळ आणि मांगूर हवेतूनही श्वास घेतात, म्हणून ते ओल्या जमिनीवरून सरपटत जातात. रोहू, कटला, मृगळ यांना ते जमत नाही.

परिसरात काय : सूर नदीवरचे खिंडसी धरण १९१३ चे. पेंचवर नवेगाव खैरी आणि तोतलाडोह ही मोठी धरणे आहेत. तोतलाडोहची उंची ७० मीटरच्या वर, तिथे उडीचा प्रश्नच नाही. रोहू, कटला साठलेल्या तलावात सहसा अंडी देत नाहीत, त्यांना वाहते पाणी लागते. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवले, तेव्हापासून बीज तयार करता येऊ लागले. म्हणून तलावात दरवर्षी बोटुकली सोडावी लागते.

नुकसान कुठे : तलाव भरून वाहिला की हीच बोटुकली सांडव्यावरून खाली जाते आणि परत चढू शकत नाही. विकत घेतलेले बीज वाहून गेले की ढिवर बांधवांचे वर्ष वाया जाते.

काय करता येईल : सांडव्यावर जाळी लावावी, पण त्यात अडकलेला पालापाचोळा रोज काढावा, नाहीतर पाणी तुंबून पाळीला धोका होतो. लहान बंधाऱ्याखाली दगडांचा मंद उतार रचला तर उडी न मारताही मासा वर जातो. आणि पहिल्या पुरात सांडव्याच्या तोंडाशी जाळे टाकू नये. त्या दिवसांत चढणारी मादी पोटात अंडी घेऊन येते.