मुंबईतील गिरणी जमिनींचे धोरण

परळ, लालबाग, काळाचौकी, दादर, लोअर परळ, वरळी, भायखळा या भागांतील बंद कापड गिरण्यांच्या जमिनींचा पुनर्विकास कसा व्हावा, यासाठी महाराष्ट्र शासनाने केलेल्या नियमांची चौकट. मुख्य आधार विकास नियंत्रण नियमावली, १९९१ मधील नियम ५८. पुढे विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, २०३४ मधील नियम ३५. कक्षेत ५८ गिरण्या व सुमारे ६०० एकर जमीन. त्यांपैकी २५ गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या (एनटीसी) ताब्यात होत्या.

पार्श्वभूमी : कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे कापड गिरणीची कंपनी स्थापली. तेथपासून शतकभरात गिरणगाव उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढीबरोबरच मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाखाली एकाच संघटनेला मिळालेली मान्यता रद्द करावी, ही प्रमुख मागणी होती. संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या बंद पडण्यास संप किती आणि मालकांचे व शासनाचे धोरण किती कारणीभूत, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. १९८९ पासून दत्ता इस्वलकर यांच्या पुढाकाराने बंद गिरण्यांच्या कामगारांचा लढा उभा राहिला.

नियम ५८ : गिरणीची जमीन विकायला वा बांधायला परवानगी देताना तिचे तीन वाटे करावेत, हे मूळ सूत्र. एक वाटा उद्याने व मैदानांसाठी महापालिकेला, दुसरा सार्वजनिक घरांसाठी महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाला (म्हाडा) आणि तिसरा मालकाला. प्रमाण भूखंडाच्या आकारानुसार ठरे. ५ हेक्टरपर्यंत पालिका ३३, म्हाडा २७, मालक ४० टक्के. ५ ते १० हेक्टरला ३३, ३४, ३३. १० हेक्टरांवर ३३, ३७, ३०. विक्रीच्या पैशातून कामगारांची देणी भागावीत यासाठी संनियंत्रण समितीची तरतूद होती. मालकाला बाजारभावाने विकता येईल असा हिस्सा तुलनेने लहान राहत असल्याने फारच थोडे प्रस्ताव पुढे आले.

कोरिया समिती : शासनाने १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. प्रत्येक गिरणीतून तुकडा तुकडा जमीन न घेता शेजारच्या गिरण्यांचे वाटे एकत्र करावेत, परळ व एल्फिन्स्टन रोड स्थानकांच्या परिसरात सलग मोकळी जागा काढावी आणि संपूर्ण गिरणगावाचा एकच आराखडा असावा, हा अहवालाचा गाभा होता. अहवाल अमलात आला नाही.

२००१ ची दुरुस्ती : मार्च २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी गिरणीतील मुळातच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. शेड पाडून रिकामी होणारी जमीन तिच्यातून वगळली गेली. समजा, गिरणी ४०,००० चौ. मी. जागेवर आहे आणि त्यांतील ३५,००० चौ. मी. शेडखाली आहे. सर्व शेड पाडल्यास जुन्या सूत्राने पालिकेला १३,२०० व म्हाडाला १०,८०० चौ. मी. मिळाले असते. नव्या सूत्राने वाटणी उरलेल्या ५,००० चौ. मी.ची, म्हणजे पालिकेला १,६५० आणि म्हाडाला १,३५०. बहुतेक गिरण्यांची जमीन शेड, गोदामे व चिमण्यांनी व्यापलेली असल्याने या बदलाने सार्वजनिक हिस्सा जवळजवळ संपवला. बंद गिरण्यांचा पुनर्विकास सुरू व्हावा आणि कामगारांची थकबाकी मिळावी, हा शासनाचा युक्तिवाद होता.

न्यायालयीन वाद : बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या या दुरुस्तीविरुद्धच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २००५ रोजी याचिकाकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला व मोकळ्या जमिनीचा शासनाने लावलेला अर्थ ग्राह्य धरला. दरम्यान २००५ मध्येच एनटीसीच्या पाच गिरण्यांचा लिलाव होऊन सुमारे २,०२० कोटी रुपये आले; त्यांत दादरच्या कोहिनूर मिल क्र. ३ चे ४२१ कोटी आणि मुंबई टेक्स्टाइल मिलचे ७०२ कोटी होते.

घरे : गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाच्या सोडती २०१२ (६,९२५ घरे), २०१६ (२,६३४, शिवाय पनवेलजवळच्या कोन येथे २,४१७) व २०२० (३,८९४) मध्ये निघाल्या. एकूण घरे १५,८७०. अर्जदार कामगार व वारस सुमारे पावणेदोन लाख. शेलू व वांगणी येथे घरे देण्याच्या प्रस्तावाला संघटनांचा विरोध असून घर मुंबईतच मिळावे, ही त्यांची मागणी आहे.

परिणाम : गिरण्यांच्या जागी कार्यालये, मॉल व उत्तुंग निवासी मनोरे आले, रस्ते, पूल व स्थानके त्या प्रमाणात वाढली नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड (आता प्रभादेवी) स्थानकाच्या पादचारी पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचा, तर त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिल आवारातील आगीत १४ जणांचा बळी गेला. दोन्ही घटनांची तात्कालिक कारणे वेगळी असली, तरी आराखड्याविना झालेली दाटी ही दोहोंची पार्श्वभूमी होय.

स्मारके : दादरच्या इंदू मिलची जागा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मारकासाठी. भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५.

साहित्य व चित्रपट : जयंत पवार यांचे नाटक ‘अधांतर’, महेश मांजरेकर यांचा चित्रपट ‘लालबाग परळ’ (२०१०).

मूल्यमापन : सार्वजनिक हिताचे सूत्र शासनानेच आखले आणि दहा वर्षांत शासनानेच ते मोडीत काढले. विधिमंडळात कायदा न करता नियमातील दुरुस्तीने एवढा मोठा निर्णय होऊ शकला, हा या धोरणाचा सर्वांत मोठा दोष मानावा लागेल. पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या जमिनींचा पुनर्विकास अजून व्हायचा आहे. तेथे मैदाने, परवडणारी घरे व वाहतुकीच्या जागा आधी नकाशावर निश्चित कराव्यात आणि बांधकाम परवानग्या त्यानंतरच द्याव्यात.