दप्तराची राखण

राजांचा व लढायांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ झाले. परंतु दप्तर ज्यांनी राखले, त्यांच्याकडे आमच्या इतिहासलेखकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. वस्तुतः राज्य चालते ते दप्तरावर. अमुक शेत कोणाचे, अमुक रक्कम कोणाकडून येणे, याविषयी समाजाने आपापसात कबूल केलेले सत्य दप्तरात असते. एक अक्षर खोडले की एखाद्या घराची भाकरी नाहीशी होते. म्हणूनच नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या कचेरीत कारकून आपल्या संगणकावर अँटिव्हायरस बसवितो, तेव्हा तो फार जुन्या कामाचा वारसा चालवीत असतो, असे आम्हांस वाटते. त्या वारशाचा थोडक्यात विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

निजामी अमदानीत हा प्रांत दोन-तीन लिप्यांत नांदत होता. गावचा हिशेब पटवारी मोडीत लिही. वरच्या कचेऱ्यांचा कारभार प्रथम फारसीत व पुढे उर्दूत चाले. कागद रुमालात बांधून ठेवीत. रुमालाच्या गाठीला कुलूप नसे. पण लिपी हेच कुलूप होते. ज्याला वाचता येत नाही, त्याला नेमके काय खोडावे हेही कळत नाही. मात्र या कुलपाची किल्ली एकट्या पटवाऱ्याच्या हाती असल्याने रयतेला तो सांगेल ते खरे मानावे लागे. बाहेरच्या चोरापासून दप्तर सुरक्षित होते; आतल्या माणसापासून रयत सुरक्षित नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, तरी ते कागद मेले नाहीत. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातील हेच जुने रुमाल पुन्हा सोडावे लागले. पाऊणशे वर्षांनंतरही नातवाचे भवितव्य आजोबांच्या नावापुढील एका शब्दावर अवलंबून असू शकते, याहून राखणीचे महत्त्व अधिक काय सांगावे?

राखणीचे दुसरे अंग याच भूमीने फार दारुण रीतीने शिकविले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती कोसळून हजारो माणसे गेली. त्या ढिगाऱ्यांखाली घरोघरच्या पेट्याही गेल्या. कुलूप चोराला अडविते. धरणीकंपाला ते अडवीत नाही. तेथे उपयोगी पडते ती दुसऱ्या गावी ठेवलेली नक्कल. कुलूप व नक्कल ही राखणीची दोन अंगे होत, आणि यंत्रयुगातही त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे असे आम्हांस दिसत नाही.

याच सुमारास संगणकाचे युग मराठवाड्याच्या दारात येत होते. नांदेडचे श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ सालचे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ सालचे. संगणकाच्या पाठोपाठ त्याचा रोगही आला. लाहोरच्या दोन भावांनी रचलेला ‘ब्रेन’ हा विषाणू १९८६ मध्ये फ्लॉपीवर बसून देशोदेशी हिंडला होता. पुढे या रोगावर औषध काढले तेही महाराष्ट्रातल्या दोन भावांनी. गणकयंत्रे दुरुस्त करणारे कैलास काटकर यांनी पुण्यात संगणकदुरुस्तीचा व्यवसाय मांडला. धाकटे बंधू संजय यांनी आज्ञावली लिहिली, आणि १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आले. विद्येच्या मोठ्या पीठात न जन्मता दुरुस्तीच्या दुकानात ते जन्मले, ही गोष्ट आम्हांस लक्षणीय वाटते. रोग्याची नाडी ज्याच्या हाती रोज येते, त्यालाच औषध सुचते.

या औषधाची रीत समजण्यास कठीण नाही. ज्ञात विषाणूंच्या खुणांची एक वही आज्ञावलीजवळ असते. आलेला प्रत्येक कागद ती या वहीशी ताडून पाहते, आणि खूण नसली तरी वागणूक संशयास्पद दिसल्यास अडविते. दोन निरनिराळे पहारेकरी एकाच दारावर बसविले तर ते परस्परांवरच संशय घेतात. म्हणून नवा बसविण्यापूर्वी जुना काढावा लागतो. वही रोज ताजी झाली नाही, तर पहारेकरी गेल्या सालच्या चोरांची चित्रे घेऊन बसल्यासारखा होतो. संगणकाच्या मूळ प्रणालीचीही डागडुजी वेळच्या वेळी करावी लागते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने दीडशेच्या आसपास देशांतील संगणकांवरचे दप्तर कोंडून खंडणी मागितली; पण ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजविण्याचे साधन मार्चमध्येच उपलब्ध झाले होते. ज्यांनी ते बसविले नाही, त्यांना अखेर नकलेचाच आधार उरला. ज्यांच्याजवळ नक्कलही नव्हती, त्यांची किल्लारी झाली.

पैशाच्या दप्तराचा अनुभव याहून कडू आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यांतील बराच भाग २८ देशांतील यंत्रांतून काढला गेला. पुढे १९ ऑक्टोबर रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली. तरीही जानेवारी २०२१ मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेचे १४ कोटींहून अधिक रुपये परस्पर वळविले गेले. दोष कोणाचा, हा न्यायासनाचा प्रश्न; परंतु लहान गावची लहान बँक चोराच्या दृष्टीस पडणार नाही, हा समज त्या दिवशी मावळला. अशा बँकांत जमा असते ते शिक्षकाचे, हमालाचे व सोयाबीन विकून आलेल्या शेतकऱ्याचे धन. त्यांना नियमांची चौकट ठाऊक नसते. ठाऊक असतो तो खिडकीपलीकडचा माणूस.

आज सातबाराही संगणकात आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळू लागला. जी शेतकरी स्त्री पूर्वी पटवाऱ्याच्या ओसरीवर ताटकळली असती, तिला तो आज स्वतः वाचता येतो, हा लाभ लहान नव्हे. परंतु किल्ली नाहीशी झालेली नाही. ती स्वाक्षरीच्या चिमुकल्या उपकरणात व परवलीच्या शब्दात जाऊन बसली आहे. कामाच्या गर्दीत ते उपकरण सहकाऱ्याच्या हाती सोपविले, परवलीचा शब्द चिठ्ठीवर लिहून यंत्राला चिकटविला, तर उत्तमात उत्तम अँटिव्हायरसही त्या व्यवहाराला हरकत घेणार नाही. कारण त्याच्या दृष्टीने धनीच आत आलेला असतो. पटवाऱ्याच्या काळी जो दोष होता तोच येथे नव्या वेषात उभा राहतो. म्हणून आज्ञावली विकत घेण्याबरोबर कचेऱ्यांनी तीन गोष्टी कारकुनाच्या रोजच्या कामात लेखी घालाव्यात, असे आमचे मत आहे: खुणांची वही ताजी आहे की नाही हे पाहणे, दप्तराची नक्कल अन्यत्र ठेवणे, आणि किल्ली कोणाच्या हाती होती याची नोंद राखणे. या कामासाठी त्याला वेळ व शिक्षण दोन्ही दिले पाहिजे. कारण ज्या दप्तरावर परक्याचे घर उभे आहे, त्याची राखण फावल्या वेळचा उद्योग होऊ शकत नाही.