अंगणवाडी : एका शब्दामागच्या दोन स्त्रिया

#थ्रेड

१/ वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे आंजी (मोठी) असो, डहाणूच्या डोंगरातला एखादा पाडा असो, ‘अंगणवाडी’ म्हणजे काय हे आज कोणाला समजावून सांगावे लागत नाही. शब्द इतका सरकारी झाला आहे की तो एखाद्या शासननिर्णयातून आला असावा, असे वाटते. प्रत्यक्षात तो समुद्रकाठच्या एका गावातल्या अडचणीतून जन्माला आला. त्यामागे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोन स्त्रिया होत्या.

२/ हा धागा त्या शब्दाविषयी आहे, आणि त्याहून अधिक त्या दोघींमधल्या नात्याविषयी. मुलींची पहिली शाळा कोणी काढली, पहिली पदवीधर कोण, हे आपण पाठ करतो. पण शिकलेल्या स्त्रीच्या हाती संस्था कशी आली? तिला कोणी तयार केले, आणि कारभार कोणी सोपवला? हे प्रश्न त्या मानाने क्वचितच विचारले जातात.

३/ एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाचे उत्तर बहुधा घरातच सापडते. सावित्रीबाईंना जोतीरावांनी शिकवले आणि १८४८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या शाळेत शिक्षिका म्हणून उभे केले. रमाबाई रानड्यांच्या शिक्षणामागे न्यायमूर्ती रानडे होते. पार्वतीबाई आठवले यांना हिंगण्याच्या आश्रमात कार्यकर्त्या केले ते त्यांचे मेहुणे धोंडो केशव कर्वे यांनी. सुधारक पुरुष घरात असेल, तर दार उघडे.

४/ पण घरात असा पुरुष नसेल तर? पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, ते याच प्रश्नाला दिलेले उत्तर होते. तिथल्या आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. एका स्त्रीने काढलेल्या संस्थेतून दुसरी स्त्री सार्वजनिक कामात येऊ शकते, हे तिथे दिसले.

५/ हा आधार सर्वांना सारखा मिळाला नाही. नागपूरच्या जाईबाई चौधरी महार समाजातल्या. स्टेशनावर ओझी वाहणाऱ्या या स्त्रीला मिस ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी शिकवले आणि शिक्षिकेची नोकरीही मिळवून दिली. ‘अस्पृश्य’ बाई शिकवते हे कळताच पालकांनी मुले काढून घेतली. नोकरी गेली.

६/ जाईबाईंनी नागपुरातच संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले, तेव्हा तिथेही त्यांना जेवणाच्या पंगतीत वेगळे बसवण्यात आले. १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी सभा घेऊन या अपमानाचा निषेध केला. स्त्रियांची परिषद सर्व स्त्रियांची असतेच असे नाही, हे विदर्भाने तेव्हा पाहिले.

७/ जाईबाईंना हात देणारी एक व्यक्ती होती. पाठीशी संस्था नव्हती. म्हणून पालकांनी पाठ फिरवताच तो आधार कोसळला आणि सर्व काही एकटीने नव्याने उभारावे लागले. पुढची हकिकत वाचताना हे ध्यानात ठेवावे.

८/ आता ताराबाई. जन्म १८९२, मुंबई. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजातले प्रमुख कार्यकर्ते. १९१४ मध्ये ताराबाई बी.ए. झाल्या. विवाहानंतर त्या अमरावतीला आल्या. पती तिथले वकील. आंजीहून आर्वीमार्गे वर्धा नदी ओलांडली की लागतो तोच हा जिल्हा. विवाह टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्यांना स्वतःच्या पायावर उभे राहावे लागले.

९/ राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्या झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. पद मानाचे, उत्पन्न निश्चित. तरीही थोड्याच काळात ते सोडून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. तिथे गिजुभाई बधेका यांनी १९२० पासून बालमंदिर चालवले होते. वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेला हा माणूस मॉंटेसरी पद्धतीला भारतीय रूप देऊ पाहत होता.

१०/ गिजुभाईंनी ताराबाईंना मदतनीस म्हणून ठेवले नाही. पुस्तकांवर दोघांची नावे, नियतकालिकाच्या संपादनात दोघांचा वाटा. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला तोही दोघांच्या पुढाकाराने. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. गिजुभाई १९३९ मध्ये गेले, तेव्हा महाराष्ट्रात हे काम चालवणारी व्यक्ती तयार होती.

११/ ताराबाईंना एक गोष्ट मात्र खटकत होती. हे सारे शिक्षण शहरातल्या, बऱ्या घरांतल्या मुलांपर्यंतच पोचत होते. मॉंटेसरी साधने महाग. खेड्यातल्या गरीब मुलाचे काय, हा प्रश्न गांधीजींनीही विचारला होता. कस्तुरबांचे निधन २२ फेब्रुवारी १९४४ रोजी झाले. त्यांच्या स्मृत्यर्थ जमलेला निधी गांधीजींच्या इच्छेने ग्रामीण स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी राखण्यात आला.

१२/ याच काळात वर्ध्याजवळ सेवाग्रामलाही असाच विचार चालू होता. जानेवारी १९४५ मधल्या परिषदेनंतर नई तालीम सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती राहिली नाही. त्याआधीच्या वयासाठी ‘पूर्व-बुनियादी’ टप्पा आला. हिंदुस्तानी तालीमी संघात आशादेवी आर्यनायकम् काम पाहत होत्या आणि पूर्व-बुनियादीचा प्रयोग शांताबाई नारुळकर चालवत होत्या. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ग्रामीण बालशिक्षणाची सूत्रे अशी ठिकठिकाणी स्त्रियांच्या हाती येत होती.

१३/ त्याच वर्षी कस्तुरबा ट्रस्टचे ग्रामसेविकांसाठीचे प्रशिक्षण शिबिर बोरिवलीला भरले. तिथे पुण्याच्या हुजूरपागेत शिकवणारी पस्तीस वर्षांची एक शिक्षिका आली होती. नाव अनुताई वाघ. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी (आताचा पालघर जिल्हा) त्या केंद्र काढणार होत्या आणि त्यांना सहकारी हवी होती. अनुताईंनी स्वतःहून तयारी दाखवली.

१४/ अनुताईंचा तिथवरचा प्रवास पाहावा. जन्म १९१०, मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्यानंतर व्हर्नाक्युलर फायनल, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातले प्रशिक्षण, नाशिक जिल्ह्यात चांदवडला नोकरी, मग हुजूरपागा. दिवसा शिकवायचे आणि रात्रशाळेत शिकायचे, असे करून १९३७ मध्ये मॅट्रिक.

१५/ एक बी.ए., मुंबईच्या सुधारक घरातली. दुसरी मॅट्रिक, खेड्यातली बालविधवा. दोघींच्याही मागे सुधारक पती नव्हता. म्हणून तिसऱ्या मुद्द्यातला नियम इथे मोडतो: एका स्त्रीला नेतृत्वाकडे नेणारी व्यक्ती या वेळी दुसरी स्त्रीच होती, आणि दोघी भेटल्या त्या घरात नव्हे, कामात.

१६/ १९४५ अखेरीस बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. तो परिसर तेव्हा पेटलेला होता. त्याच वर्षी गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. ज्या मुलांसाठी केंद्र काढले ती याच दरिद्री, दबलेल्या घरांतली. बालवाडी उघडली खरी, पण ही मुले तिथे येईनात.

१७/ मुले न येण्याची कारणे साधी होती. अंगावर धड कपडा नाही, धाकटे भावंड सांभाळायचे, आणि इतर जातींच्या मुलांशेजारी बसण्याची भीती. तेव्हा बालवाडीच वस्तीत न्यायची, असे ठरले. मुलांना गोळा करायचे, आंघोळ घालायची, नखे-केस पाहायचे आणि घरापुढच्या अंगणातच गाणी, गोष्टी, खेळ घ्यायचे. अंगणात भरणारी ती अंगणवाडी.

१८/ महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आले. मोजणी, रंग, आकार सारे त्यातूनच. मॉंटेसरीचे तत्त्व ठेवून साहित्य गावचे घ्यायचे, ही आखणी ताराबाईंची. रोज वस्तीत जाऊन ती पार पाडणे आणि अनुभवाने बदलत नेणे हे अनुताईंचे काम.

१९/ नेतृत्व कसे घडते, हे इथे बारकाईने दिसते. ताराबाईंनी अनुताईंना व्याख्याने देऊन थांबवले नाही, चालते केंद्र त्यांच्या हाती दिले. मुले येत नाहीत ही अडचण त्यांचीच, आणि त्यावरचा उपाय राबवण्याची मुभाही त्यांनाच. मार्गदर्शन हाकेच्या अंतरावर होते, पण रोजचा निर्णय मॅट्रिक झालेल्या शिक्षिकेचा होता.

२०/ १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या. इथे ‘विकासवाडी’ उभी राहिली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, म्हणजे भावंड सांभाळणारी मुलगी त्याला पाळणाघरात ठेवून स्वतः वर्गात बसू शके. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुले कुरणात, तर शाळाही कुरणात.

२१/ या धावपळीत अनुताईंचे स्वतःचे शिक्षण थांबले नव्हते. १९६१ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, त्या पदवीधर झाल्या. क्रम पाहण्याजोगा आहे. आधी जबाबदारी, मग पदवी. पदवीची अट आधी घातली असती, तर कोसबाडला अनुताई मिळाल्या नसत्या.

२२/ ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. संस्थापक गेला की संस्था मोडते, असे अनेकदा घडते. कोसबाड मोडले नाही, कारण अठ्ठावीस वर्षे सोबत राबलेली उत्तराधिकारी तिथेच होती. अनुताईंनी पुढे जवळजवळ दोन दशके काम चालवले. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रा. रमेश पानसे यांच्यासोबत त्यांनी ‘ग्राममंगल’ या संस्थेचा पाया घातला आणि साखळीत पुढचा दुवा जोडला. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.

२३/ दरम्यान शब्द देशभर गेला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. गावपातळीवरच्या केंद्राचे नाव ठरले अंगणवाडी. पोषण, लसीकरण, गरोदर मातांची नोंद आणि पूर्वप्राथमिक शिक्षण, सारे एका केंद्रात. बोर्डीच्या अंगणातला शब्द वर्ध्याच्या अंगणात पोचला, आणि मराठी न बोलणाऱ्या राज्यांतही.

२४/ शब्द गेला, पण त्यासोबत ती पद्धत गेली का? केंद्र चालवणाऱ्या स्त्रीला नाव मिळाले ‘सेविका’, मोबदल्याला नाव मिळाले ‘मानधन’. म्हणजे ती स्वेच्छेने सेवा करणारी, नोकरी करणारी नव्हे, असा हिशेब. बोर्डीत निर्णय केंद्र चालवणारीच्या हाती होता. योजनेत तिच्या वाट्याला वरून आलेले नमुने आणि भरायची रजिस्टरे आली.

२५/ हा हिशेब न्यायालयात तपासला गेला. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यांना मिळणारे मानधन त्या कायद्यापुरते वेतनच ठरले. योजना सुरू झाल्यापासून सत्तेचाळीसाव्या वर्षी ही गोष्ट मान्य झाली.

२६/ तेव्हा तीन चित्रे शेजारी ठेवावीत. जाईबाई: एका व्यक्तीचा आधार, पण संस्था नाही. अनुताई: आधारही, संस्थाही, अधिकारही. आजची सेविका: पाठीशी देशातली प्रचंड योजना आहे, पण ‘तुझे केंद्र, तू ठरव’ असे म्हणणाऱ्या ताराबाई प्रत्येकीला भेटतातच असे नाही. प्रशिक्षणाचे दिवस वाढवल्याने ही उणीव भरत नाही. ती अधिकार सोपवल्याने भरते.

२७/ इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी एक काम. आपल्या गावातली पहिली अंगणवाडी कोणत्या वर्षी, कोणाच्या ओसरीवर किंवा देवळात भरली? पहिली सेविका कोण, आणि तिला हे काम कोणी शिकवले? यातल्या बहुतेक स्त्रिया आज सत्तरीच्या पुढे असतील. त्यांना आत्ताच विचारून, त्यांच्या संमतीने लिहून ठेवावे. कोसबाडचा इतिहास उरला, कारण अनुताईंनी आपले अनुभव स्वतः लिहून ठेवले. इतर हजारोंचे अजून कोणी लिहिलेले नाहीत.

(धागा समाप्त)