मेंढराची बाटली आणि राखणीचा कुत्रा : एका थेंबाचा इतिहास

१/ आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती सोडून काटेवाडीत येते. तेथे परीट समाज पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतो आणि मग मेंढ्यांचे रिंगण होते. धनगरांचा कळप पालखीभोवती धावत प्रदक्षिणा घालतो. कळपावर रोगराई येऊ नये, ही त्यामागची श्रद्धा. पुढे बेलवाडीत अश्वांचे गोल रिंगण होते आणि पालखी इंदापूरकडे जाते.

हा धागा त्याच रोगराईवरच्या एका आधुनिक औषधाचा आहे. त्याचे नाव आयव्हरमेक्टिन. मेंढरांना वाचवणारे हे औषध मेंढरांच्या राखणदारालाच कसे भोवते, त्याचा हा इतिहास.

२/ आधी भूमी पाहू. १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने बारामती आणि इंदापूर तालुक्यांचे दोन भाग केले. कालव्याखाली ऊस आला. विसाव्या शतकात वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव येथे साखर कारखाने उभे राहिले. कालव्याचे पाणी जेथे पोहोचले नाही, तेथे माळरान उरले. त्या माळावर मेंढरे टिकली, आणि मेंढरांमागे लांडगाही टिकला. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचे गवताळ रान आजही लांडग्यांसाठी ओळखले जाते.

३/ त्यामुळे धनगराच्या वाड्यावरचा कुत्रा शोभेचा नसतो. दिवाळीनंतर कळप घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. या वाटेवर रात्री कळप कोणाच्या तरी शेतात बसतो आणि कुत्री जागी राहतात. एक चांगला कुत्रा गेला, तर त्याची किंमत पुढच्या काही रात्री कोकरांच्या रूपाने मोजावी लागते. कुत्र्याच्या औषधाचा प्रश्न म्हणूनच कळपाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

४/ आता औषधाच्या जन्माकडे. त्यासाठी प्रथम एका कृमीची ओळख हवी. १८५६ साली अमेरिकेतील निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ लायडी यांनी कुत्र्याच्या हृदयात सापडणाऱ्या कृमीला नाव दिले. आज तो डायरोफिलेरिया इमिटिस म्हणून ओळखला जातो. मराठीत आपण त्याला हृदयकृमी म्हणू. सुतासारखा, वाढ झाल्यावर सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत लांब होणारा हा कृमी हृदयाच्या उजव्या बाजूस आणि फुप्फुसाच्या धमन्यांत राहतो.

५/ तो तेथे पोहोचतो कसा? या कोड्याचा एक धागा भारतात आहे. १८७२ साली कलकत्त्यात टिमोथी लुईस यांना माणसाच्या रक्तात सूक्ष्म कृमी दिसले. पुढे त्यांनी तेथील भटक्या कुत्र्यांचे रक्तही तपासले. १८७७ मध्ये चीनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी हत्तीपायाच्या कृमीची वाढ डासाच्या शरीरात होताना पाहिली. १९०० च्या सुमारास इटलीतील संशोधकांनी कुत्र्याच्या हृदयकृमीचा वाहकही डासच असल्याचे सिद्ध केले.

६/ भारतात हृदयकृमीचा आढळ प्रामुख्याने ईशान्येकडील राज्यांत आहे. पश्चिम आणि दक्षिण भारतात त्याचा भाऊबंद, कातडीखाली राहणारा डायरोफिलेरिया रिपेन्स, अधिक सापडतो. पुढील कथेसाठी हा फरक महत्त्वाचा आहे. पाश्चात्त्य देशांत आयव्हरमेक्टिन कुत्र्यापर्यंत पोहोचले ते मुख्यतः हृदयकृमीची गोळी म्हणून. बारामती-इंदापूरसारख्या मेंढपाळी मुलखात ते लूत, गोचीड आणि जंत यांवरचे औषध म्हणून ओळखीचे झाले.

७/ हृदयकृमीवरचे पहिले व्यवहार्य प्रतिबंधक औषध डीईसी. ते शोधणाऱ्या अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेचे संशोधन आंध्रातील भीमवरमचे सुपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली चाले. १९४७ साली ते जगापुढे आले. पण कुत्र्याला ते रोज द्यावे लागे. शिवाय रक्तात आधीच कृमींची पिल्ले असलेल्या कुत्र्याला ते दिले, तर त्याला जीवघेणा धक्का बसू शकत असे. महिन्यातून एकदा देता येईल असे औषध हवे होते.

८/ ते एका ढेकळात सापडले. १९७० च्या दशकात जपानच्या किटासाटो संस्थेतील सातोशी ओमुरा यांनी कावाना येथील गोल्फ मैदानाजवळची माती उचलली. तिच्यातील जिवाणू अमेरिकेत मर्क कंपनीकडे गेले. तेथे विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाला त्यांच्यापासून मिळालेला अर्क कृमींवर विलक्षण प्रभावी दिसला. त्या अर्कातून आयव्हरमेक्टिन घडले. १९८१ मध्ये ते गुरे, मेंढ्या आणि घोडे यांच्यासाठी बाजारात आले. २०१५ साली ओमुरा आणि कॅम्पबेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

९/ येथे आकडे सुरू होतात. ते नीट पाहावेत. मेंढीला किंवा गाईला दर किलो वजनामागे २०० मायक्रोग्रॅम औषध लागते. कुत्र्याच्या शरीरात नुकत्याच शिरलेल्या हृदयकृमीच्या अळ्या मात्र फारच नाजूक असतात. त्यांना मारण्यास दर किलोमागे ६ मायक्रोग्रॅम पुरतात. १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली कुत्र्यांची मासिक गोळी याच मापावर बेतलेली होती. औषध एकच, पण मापांत तेहतीसपटींचे अंतर.

१०/ आता मेंढपाळाच्या पिशवीतली बाटली घेऊ. जनावरांसाठीच्या एक टक्का इंजेक्शनच्या प्रत्येक मिलीमध्ये १० मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम औषध असते. ५० किलो वजनाला १ मिली, असा सरळ हिशेब. तीस किलोच्या मेंढीला ०.६ मिली. सिरिंजवर हे माप स्पष्ट दिसते आणि शंभर मेंढरांना सलग टोचताना ते हाताला सरावाचे होते.

११/ दहा किलोच्या कुत्र्यासाठी हृदयकृमी-प्रतिबंधाचा डोस ६० मायक्रोग्रॅम. याच बाटलीतून तो काढायचा, तर ०.००६ मिली घ्यावे लागेल. इन्सुलिनच्या बारीक सिरिंजवरची एक रेघ ०.०१ मिलीची असते. डोस त्या रेघेच्याही आत राहतो. सुईच्या टोकावरून पडणारा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. त्यात ५०० मायक्रोग्रॅम औषध असते. म्हणजे एका थेंबातच प्रतिबंधक डोसाच्या आठपट.

१२/ तरीही बहुतेक कुत्री या थेंबाने मरत नाहीत. निरोगी बीगल कुत्र्यांवरील प्रयोगांत दर किलोमागे सुमारे २,००० मायक्रोग्रॅमपर्यंत ठळक लक्षणे दिसली नाहीत. लुतीच्या उपचारात पशुवैद्यक ३०० ते ६०० मायक्रोग्रॅमही देतात. म्हणूनच "आमच्या कुत्र्याला दिले, काही झाले नाही" हा अनुभव गावोगाव खरा ठरतो. धोका याच अनुभवात दडलेला आहे, कारण सगळी कुत्री सारखी नसतात.

१३/ ही गोष्ट १९८० च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत अमेरिकेत उघड झाली. घोड्या-गुरांचे आयव्हरमेक्टिन कुत्र्यांना दिले जाऊ लागले आणि एका विशिष्ट जातीतील कुत्री कोसळू लागली. बुबुळे विस्फारणे, लाळ गळणे, झोकांड्या, अंधत्व, शेवटी बेशुद्धी. ती जात होती कोली. तिच्यातील संवेदनशील कुत्र्यांना दर किलोमागे १०० मायक्रोग्रॅमच्या आसपासच बाधा होऊ लागते. विसंगती अशी की, कोली ही स्कॉटलंडच्या परिसरात मेंढरे वळण्यासाठीच घडवलेली जात. मेंढराइतक्याच वजनाच्या कोलीला मेंढराचा पूर्ण डोस प्राणघातक ठरू शकत होता.

१४/ कारण मात्र कळेना. औषध कृमींच्या चेतापेशींतील विशिष्ट मार्ग उघडून त्यांना लुळे करते. सस्तन प्राण्यांतही त्याला बाधणाऱ्या जागा आहेत, पण त्या मेंदूत, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर पहारा असतो. मग कोलीच्या मेंदूत औषध शिरते कसे?

१५/ उत्तर ॲमस्टरडॅममध्ये मिळाले, तेही एका अपघातातून. तेथील कर्करोग संस्थेत आल्फ्रेड शिंकेल यांच्या गटाने एक जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले होते. प्राणिगृहात किडींचा प्रादुर्भाव झाला, म्हणून आयव्हरमेक्टिन फवारले गेले. साधे उंदीर जगले. ते जनुक नसलेले उंदीर मेले. १९९४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते जनुक मेंदूच्या दारावरचा पहारेकरी घडवत होते. पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे हे प्रथिन आत शिरू पाहणारे औषध परत रक्तात ढकलते. पहारेकरी नसलेले उंदीर औषधाला सुमारे शंभरपट अधिक संवेदनशील होते.

१६/ २००१ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील कॅट्रिना मीली आणि सहकाऱ्यांनी संवेदनशील कोलींत याच जनुकातील, एमडीआर-१ मधील, दोष शोधला. जनुकाच्या लांबलचक मजकुरातून फक्त चार अक्षरे गळालेली होती. २००४ मधील संशोधनाने त्याचा माग इतिहासात नेला. हा दोष असलेल्या वेगवेगळ्या जातींची मुळे, १८७३ च्या सुमारास जातींच्या नोंदवह्या सुरू होण्याआधी ब्रिटनमध्ये जगलेल्या एकाच कुत्र्यापर्यंत पोहोचतात.

१७/ नोंदवह्यांमुळे त्या कुत्र्याचा वारसा जातींच्या कुंपणात जपला गेला आणि निर्यातीसह जगभर गेला. कोली, शेटलँड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांच्यात तो ठळक आहे. ज्याला गावात सर्रास अल्सेशियन म्हणतात, त्या जर्मन शेफर्डच्या काही कुत्र्यांतही तो आहे. संकरित पिल्लांत तो चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

१८/ एका जनुकाचे महत्त्व या मुलखाला नवे नाही. नीरेपलीकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोळ मेंढीतील फेक-बी हे एकच जनुक दख्खनी मेंढीत आणून, जुळी कोकरे देणारी नारी सुवर्णा ही मेंढी विकसित केली. मेंढीत एका जनुकाने कळप वाढतो. कुत्र्यात एका जनुकाच्या अभावी मेढीचे औषध विष होते.

१९/ मात्र सारा दोष जनुकावर टाकणे चुकीचे ठरेल. दोन अपघातांची तुलना करा. पाच किलोच्या कुत्र्याने मोठ्या कुत्र्यांसाठीच्या, २७२ मायक्रोग्रॅमच्या, सहा चघळगोळ्या एकदम खाल्ल्या. डोस झाला दर किलोमागे सुमारे ३२६ मायक्रोग्रॅम. जनुक शाबूत असेल, तर तो बहुधा बचावेल. त्याच कुत्र्याला बाटलीतून १ मिली टोचले, तर डोस होतो २,००० मायक्रोग्रॅम; म्हणजे निरोगी कुत्र्याच्याही सहनशक्तीची कड.

२०/ अपघाताची इतर रूपेही साधीच असतात. मेंढरे टोचून झाल्यावर सिरिंजमध्ये उरलेले औषध "वाया का घालवा" म्हणून कुत्र्याला दिले जाते. मिली आणि मिलिग्रॅम यांची गल्लत होते. लूत लवकर बरी व्हावी म्हणून डोस लवकर लवकर दिला जातो. औषध शरीरात बरेच दिवस रेंगाळत असल्याने नवा डोस जुन्यावर साचतो. पिसवांवरील स्पिनोसॅडसारखे औषध सोबत दिले, तर मोठ्या डोसाचे विष आणखी चढते.

२१/ यावर हुकमी उतारा नाही. औषध तोंडावाटे गेले असेल आणि वेळ फार झाली नसेल, तर पशुवैद्यक उलटी करवतात किंवा कोळशाची पूड देतात. पुढे सलाईन, श्वासाला आधार, कूस बदलत राहणे. अलीकडे शिरेतून स्निग्ध द्रावणही देतात. बेशुद्धी कित्येक दिवस टिकू शकते, आणि त्यानंतरही कुत्रा पूर्ण बरा होऊ शकतो. दुसऱ्याच दिवशी आशा सोडणे म्हणूनच घाईचे ठरते.

२२/ या कथेचे एक टोक नागपुरात आहे. २०१९ च्या जानेवारीत तेथे हत्तीपाय निर्मूलनासाठी तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम सुरू झाली : आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडेझोल. कुत्र्याच्या हृदयकृमीवर एकामागून एक वापरलेली दोन औषधे माणसाच्या कृमीवर एकत्र आली. तेथे प्रत्येकाचा डोस उंची आणि वय पाहून ठरवला जात होता. औषधाची सुरक्षितता मोजपट्टीवर उभी होती.

२३/ वाड्यावर त्या मोजपट्टीची जागा आजही बहुधा नजरेचा अंदाज घेतो. मेंढीच्या बाबतीत अंदाज थोडा चुकला, तरी निभावते. कुत्र्याच्या बाबतीत तोच अंदाज दहापट, शंभरपट चुकू शकतो, आणि डोळ्याला फरक दिसतो तो फक्त एका थेंबाचा. म्हणून मेंढराच्या बाटलीतून कुत्र्याला औषध द्यायचेच असेल, तर आधी त्याचे वजन करावे आणि माप गुरांच्या डॉक्टरांकडून घ्यावे. चूक झालीच, तर कुत्र्यासोबत ती बाटलीही दवाखान्यात न्यावी. बाटलीवरचा टक्क्यांचा आकडा डॉक्टरांना पहिल्या मिनिटाला हवा असतो.